पुस्तकातली तारीख कुणासाठी?

ग्रंथालयातून आणलेले एखादे जुने पुस्तक हाताशी असेल तर त्याचे शेवटचे पान उघडून पाहा. तिथे रेघा आखलेली एक चिठ्ठी चिकटवलेली असेल. तिच्यावर जांभळ्या शाईत तारखांचे शिक्के असतील, काही सरळ, काही तिरके, काही एकमेकांवर चढलेले. शेजारी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला कागदाचा एक छोटा खिसा असेल, बहुधा रिकामा. वर्गात हे पुस्तक दाखवून ‘ही तारीख कुणासाठी असते?’ असे विचारले, तर मुले लगेच सांगतील, ‘वाचकासाठी. पुस्तक कधी परत करायचे ते त्याला कळावे म्हणून.’

उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. या तारखेची खरी गरज होती ती खिडकीपलीकडे बसलेल्या ग्रंथपालांना. ती कशी, हे पाहण्याआधी आजच्या खिडकीपाशी थोडे थांबू या.

अनेक महाविद्यालयांत आणि काही शाळांतही ग्रंथालयाचे काम आता संगणकावर गेले आहे. पुस्तक घेताना बारकोडवर यंत्र धरले जाते, पडद्यावर विद्यार्थ्याचे नाव येते. एवढ्यावर काम संपायला हवे. पण कित्येक ठिकाणी यानंतर एक जाड वही उघडली जाते. तिच्यात तेच नाव, तेच पुस्तक, तोच क्रमांक पुन्हा हाताने लिहिला जातो. विद्यार्थी सही करतो. मग चिठ्ठीवर शिक्का पडतो. कुठे कुठे खिशातले कार्ड काढून ड्रॉवरमध्येही ठेवतात. म्हणजे संगणक आला आणि काम एका पायरीने वाढले! मागे मधल्या सुट्टीची रांग उभी असते, आणि घंटा काही रांगेसाठी थांबत नाही. रांगेतली शेवटची पाच-सहा मुले पुस्तक न घेताच वर्गात परततात.

या जुन्या पायऱ्यांना हसणे सोपे आहे. पण त्यांतली प्रत्येक पायरी एके काळी कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर होती. तो प्रश्न कोणता होता आणि आज त्याचे उत्तर दुसरे कुणी देते का, एवढे तपासले की कोणती पायरी काढायची आणि कोणती ठेवायची ते ठरवता येते. हे न तपासता सगळेच चालू ठेवले तर वेळ जातो. आणि सगळेच एकदम बंद केले, तर कधी कधी वाचकाचेच नुकसान होते.

तीन प्रश्न, एक ट्रे

पुस्तके घरी द्यायची म्हटले की ग्रंथालयाला तीन प्रश्नांची उत्तरे केव्हाही देता यावी लागतात. अमुक वाचकाकडे कोणती पुस्तके आहेत? अमुक पुस्तक कुणाकडे आहे? आणि आज कोणकोणती पुस्तके परत यायला हवी होती?

सर्वांत जुना उपाय म्हणजे खातेवही. प्रत्येक वाचकाला एक पान. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखेच हे. यात पहिल्या प्रश्नाचे उत्तर झटकन मिळते. पण ‘हे पुस्तक कुणाकडे आहे?’ असे कुणी विचारले तर सगळी वही पालथी घालावी लागते. आपल्या शाळांतली तारीखवार वही याच जातीची, फक्त तिच्यात नोंदी वाचकवार नसून दिवसवार असतात. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचेही उत्तर सहज मिळत नाही.

यावर अमेरिकन ग्रंथपाल नीना ब्राऊन यांनी १८९५ साली एक सुटसुटीत पद्धत मांडली. ब्रिटनमधल्या सार्वजनिक ग्रंथालयांत ती चांगली रुळली आणि भारतातही तिचा भरपूर प्रसार झाला. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी महाविद्यालयात शिक्षण घेतले त्यांतल्या अनेकांनी ती वापरली आहे, नाव माहीत नसले तरी.

ती अशी. प्रत्येक पुस्तकाचे एक कार्ड असते आणि पुस्तक ग्रंथालयात असताना ते पुस्तकातल्या खिशात राहते. प्रत्येक वाचकाला काही तिकिटे मिळतात. तिकीट म्हणजे खरे तर नाव लिहिलेला पुठ्ठ्याचा छोटा खिसाच. वाचकाने पुस्तक निवडले की पुस्तकातले कार्ड काढून वाचकाच्या तिकिटात सरकवायचे. झाली नोंद! एक अक्षरही लिहायचे नाही. ही जोडी लाकडी ट्रेमध्ये ठेवायची. ट्रेमध्ये परतीच्या तारखांचे उभे फलक असतात, त्यांतल्या योग्य फलकामागे. एकाच तारखेच्या सगळ्या जोड्या पुस्तकांच्या दाखल क्रमांकाप्रमाणे लावायच्या.

आता पुस्तक परत आले. वाचकाला तिकीट द्यायचे आहे, म्हणजे ट्रेमधली ती नेमकी जोडी शोधायला हवी. समजा, ९०० पुस्तके बाहेर आहेत आणि मुदत पंधरा दिवसांची आहे. जोडी कोणत्या फलकामागे आहे ते माहीत नसेल तर पंधराही गठ्ठे चाळावे लागतील. इथे चिठ्ठीवरचा शिक्का उपयोगी पडतो. तारीख पाहिली की सरासरी ६० कार्डांचा एकच गठ्ठा उरतो. तो क्रमाने लावलेला असल्यामुळे मधोमध बोट घालून ‘याच्या अलीकडे की पलीकडे’ असे पाहत गेले, तर सहा वेळा निम्मे करताच हवे ते कार्ड हाती येते. (६०, ३०, १५, ८, ४, २, १. शब्दकोशात शब्द शोधताना आपण नकळत हेच करतो.)

म्हणजे शिक्का हा ट्रेमधला पत्ता होता. परतीचा दिवस वाचकाला कळणे हा त्याचा आनुषंगिक फायदा. पुस्तकातली चिठ्ठी फाटली तर ग्रंथपाल एवढे का रागावत, याचा उलगडा आता होतो.

रांग एक, याद्या अनेक

ब्राऊन पद्धतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते, कारण आजची तारीख उलटून गेलेल्या फलकांमागे जे काही शिल्लक राहील ते मुदत संपलेले. दुसऱ्या प्रश्नासाठी सगळ्या तारखांचे गठ्ठे पाहावे लागतात. पहिल्या प्रश्नाला तर ट्रे जवळजवळ मुकाच असतो. वाचकाकडे किती तिकिटे उरली आहेत हे त्याच्या हातात पाहून कळेल, पण त्याच्याकडे कोणती पुस्तके आहेत हे सांगायला अख्खा ट्रे उपसावा लागेल.

हा दोष ब्राऊनबाईंचा नाही, वस्तूचा आहे. एक कार्ड एका वेळी एकाच जागी राहू शकते. प्रार्थनेला मुले उंचीप्रमाणे उभी केली की ती हजेरीपटाच्या क्रमाने उभी नसतात. दोन्ही क्रम हवे असतील तर दोन वेळा उभे करावे लागेल. पण मुलांऐवजी मुलांच्या याद्या करायच्या ठरवल्या तर? एक यादी उंचीप्रमाणे, एक हजेरीपटाप्रमाणे, एक जन्मतारखेप्रमाणे. मुले जिथे आहेत तिथेच राहतील.

संगणक हेच करतो. नोंद एकदाच लिहिली जाते आणि तिच्यावर बोट दाखवणाऱ्या याद्या हव्या तितक्या ठेवता येतात. एक वाचकवार, एक पुस्तकवार, एक तारीखवार. नवी नोंद झाली की या सगळ्या याद्या तो तिथल्या तिथे सुधारतो. माणसाने तीन वह्या ठेवल्या असत्या तर तेच काम तीनदा करावे लागले असते, शिवाय त्या तीन वह्या एकमेकींशी जुळत्या ठेवायच्या! यंत्राने हा प्रश्न सोडवण्याचे प्रयत्न संगणकाआधीच सुरू झाले होते. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयात राल्फ पार्कर यांनी १९३६ साली देवघेवीसाठी छिद्रांची कार्डे वापरली. कार्डे यंत्रात घालून पुन्हा पुन्हा हव्या त्या क्रमाने लावता येत. म्हणजे रांग एकच, पण ती चटकन बदलता येणारी.

ट्रेच्या या स्वभावातून ग्रंथालयाचे बरेचसे नियम जन्मले आहेत, आणि ट्रे गेल्यावरही ते भिंतीवरच्या पाटीवर तसेच आहेत.

‘एका वेळी दोनच पुस्तके मिळतील.’ पुस्तकाचे कार्ड तिकिटात प्रत्यक्ष बसवायचे असल्यामुळे एका तिकिटावर एकच पुस्तक देता येई. जास्त पुस्तके म्हणजे जास्त तिकिटे छापा, जास्त सांभाळा. आता ‘दोन’ हा संगणकातला एक आकडा आहे आणि तो बदलायला एक मिनिट लागते. पुस्तकेच कमी असतील तर दोनची मर्यादा योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण कपाटे भरलेली असताना मर्यादा दोनची का, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी ‘पहिल्यापासून तसेच आहे’ यापलीकडे उत्तर मिळत नाही.

‘मुदत वाढवण्यासाठी पुस्तक सोबत आणावे.’ कारण जोडी एका फलकामागून दुसऱ्या फलकामागे हलवायची आणि चिठ्ठीवर नवा पत्ता उमटवायचा. आता दोन्ही गोष्टी लागत नाहीत. तरी मुले सात-आठशे पानांचा ग्रंथ दप्तरातून आणतात, दाखवतात आणि परत नेतात.

‘घेतलेले पुस्तक त्याच दिवशी बदलून मिळणार नाही.’ हा नियम काही वाचनालयांत अजून आढळतो. दिवसभराच्या जोड्या संध्याकाळी मोजून, क्रमाने लावून मगच ट्रेमध्ये जात. तोपर्यंत त्या टेबलावर ढिगात पडलेल्या असत आणि ढिगात शोधणे कठीण. पटापट वाचणाऱ्या मुलाला तेव्हा उद्यापर्यंत थांबावे लागे ते या ढिगामुळे. आज ढीग नाही.

सगळ्यांत महाग पडणारा नियम मात्र वेगळाच आहे. अनेक शाळांत वार्षिक परीक्षेच्या आधी सर्व पुस्तके परत मागवली जातात, कारण वर्षाअखेरीची मोजदाद करायची असते. पुस्तक कपाटात तरी हवे किंवा त्याचे कार्ड ट्रेमध्ये तरी, असा हिशेब एकेका पुस्तकासाठी जुळवणे फार किचकट. त्यापेक्षा सगळी पुस्तके कपाटात आणा आणि ओळीने मोजा, हे सोपे. पण याचा परिणाम काय होतो? मे महिन्याच्या सुट्टीत, मुलांना वर्षातला सर्वांत जास्त मोकळा वेळ असतो तेव्हा, शाळेची सगळी पुस्तके कुलपात! ज्या घरात पाठ्यपुस्तकांखेरीज दुसरे पुस्तकच नाही त्या घरातल्या मुलाचे वाचन जवळजवळ दीड महिना बंद. संगणकावर नोंद असेल तर कपाटातल्या पुस्तकांचे बारकोड वाचून घ्यायचे आणि त्यांत ‘बाहेर आहेत’ ही यादी मिळवायची. दोन्हींत नाही ते हरवलेले. यासाठी पुस्तके परत मागवायची गरज नाही. आमच्या मते, एकच जुनी पद्धत सोडायची ठरवली तर ती ही सोडावी.

डॉ. शि. रा. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्याआधी ते गणिताचे अध्यापक होते. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिला पुस्तके वापरासाठी असण्याबद्दल आणि चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. आपल्या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात हे नियम सर्वांनाच शिकवले जातात. पाटीवरचे नियम त्यांच्या शेजारी ठेवून वाचावेत.

वही का सुटत नाही?

‘संगणकाचा काय भरवसा?’ वही चालू ठेवण्याचे हे नेहमीचे कारण. ते तीन निरनिराळ्या काळज्यांचे मिळून झालेले आहे, तेव्हा त्या सुट्या करून पाहू.

पहिली काळजी आकडा चुकण्याची. इथे भरवसा नेमका वहीचाच कमी आहे. घाईत ४५७१ ऐवजी ४५१७ लिहिले गेले, तर वही काही बोलत नाही. वर्षाअखेरी ४५१७ क्रमांकाच्या पुस्तकासाठी भलत्याच मुलाला जाब विचारला जातो. बारकोडमध्ये मात्र चूक पकडण्याची सोय असते. ग्रंथालयांत बऱ्याच ठिकाणी चौदा अंकी क्रमांक वापरतात. पहिला अंक वाचक की पुस्तक ते सांगतो (वाचकासाठी २, पुस्तकासाठी ३), पुढचे चार अंक ग्रंथालयाचे, पुढचे आठ त्या वाचकाचे किंवा पुस्तकाचे आणि शेवटचा एक अंक केवळ पहारेकरी. तो आधीच्या तेरा अंकांवरून ठरतो.

आपण एक क्रमांक घेऊन पाहू. ३ २००१ ००००४५७१ हे तेरा अंक आहेत. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे विषम स्थानांवरचे अंक दुप्पट करायचे. दुप्पट दोन अंकी झाली तर तिच्या अंकांची बेरीज घ्यायची. विषम स्थानांवर ३, ०, १, ०, ०, ५, १ आहेत. दुप्पट करून ६, ०, २, ०, ०, १ (कारण ५ चे १० आणि १ + ० = १) आणि २ मिळतात. बेरीज ११. सम स्थानांवरचे अंक तसेच घ्यायचे: २, ०, ०, ०, ४, ७. बेरीज १३. एकूण २४. पुढची दहाची पट ३०, तिला ६ कमी आहेत. म्हणून पहारेकरी अंक ६ आणि पूर्ण क्रमांक ३२००१००००४५७१६.

आता ४५७१ चे ४५१७ झाले असे समजा. शेवटच्या ७ ची दुप्पट १४, म्हणून ५. विषम स्थानांची बेरीज १४ होते, सम स्थानांची ७, एकूण २१. त्यात पहारेकरी ६ मिळवला की २७. ही दहाची पट नाही, म्हणून यंत्र क्रमांक नाकारते. एखादा अंक चुकला तर या रीतीने तो नेहमीच पकडला जातो. शेजारचे दोन अंक उलटे झाले तरीही बहुधा पकडले जातात. ‘बहुधा’ का? अंकांची एकच जोडी अशी आहे की ती उलटी झाली तरी बेरीज बदलत नाही. ती कोणती हे आठवी-नववीच्या मुलांना शोधू द्यावे. (उत्तर: ० आणि ९. नऊची दुप्पट १८, तिच्या अंकांची बेरीज पुन्हा नऊच.)

दुसरी काळजी विजेची. ही खरी आहे आणि तिला नाके मुरडण्यात अर्थ नाही. पण वीज गेल्यावर वही काढणे वेगळे आणि वीज असताना रोज दोन्हीकडे लिहिणे वेगळे. वीज नसताना लिहिलेल्या नोंदी नंतर संगणकात भरता येतात. कोहासारख्या विनामूल्य प्रणालीत जोडणी तुटलेली असतानाही देवघेव करून मागाहून भरण्याची सोय आहे. (ही प्रणाली न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांसाठी तयार झाली आणि ३ जानेवारी २००० रोजी सुरू झाली. त्यांची जुनी प्रणाली २००० साल ओळखणार नाही अशी भीती होती. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट.) माहितीची दुसरी प्रत रोज वेगळ्या जागी ठेवणे हा संगणक बिघडण्यावरचा उपाय आहे. दुसरी वही हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण दोन्हींत फरक पडला तर खरे कोणते, हा नवाच वाद सुरू होतो.

तिसरी काळजी तपासणीची. आम्हांला वाटते की वही मुख्यतः हिच्यामुळेच सुटत नाही. इथे दोन वह्यांची गल्लत होते. दाखल नोंदवही ही शाळेच्या मालमत्तेची नोंद. तीत प्रत्येक पुस्तकाला एक ओळ असते आणि ती कायमची असते. ती नीट, हवी तर छापून बांधून, ठेवलीच पाहिजे. देवघेवीची वही ही आज कुठले पुस्तक कुठे आहे याची तात्पुरती नोंद. पहिलीचे गांभीर्य दुसरीला चिकटते, आणि पुस्तक हरवले तर पैसे आपल्या पगारातून जातील ही भीती ग्रंथालय सांभाळणाऱ्या शिक्षकांच्या मनात बसते. मग सही, प्रतिसही, आणि शेवटी कपाटाला कुलूप. कुलूपबंद पुस्तक हरवत नाही हे खरे, पण ते वाचलेही जात नाही.

केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम (२०१७) याबाबत काय म्हणतात ते शिक्षकांनी पाहण्यासारखे आहे. वर्षभरात दिलेल्या किंवा चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांपर्यंतची हानी, ती अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा यांमुळे झालेली नसेल तर, वाजवी मानावी असे त्यांत आहे. हजार रुपयांहून अधिक किमतीचे पुस्तक किंवा दुर्मीळ पुस्तक गेले तर मात्र चौकशी व्हायलाच हवी. वीस हजारांपर्यंत पुस्तके असतील तर दरवर्षी पूर्ण मोजदाद, पन्नास हजारांपर्यंत तीन वर्षांतून निदान एकदा, त्याहून मोठ्या संग्रहात नमुना तपासणी. हे नियम केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी आहेत. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेला ते आपोआप लागू होत नाहीत. तरीही शाळा समितीपुढे ठेवायला चांगला आधार आहे, कारण हरवण्याचे प्रमाण त्यांत साठ्याशी जोडलेले नसून वापराशी जोडलेले आहे. जितकी पुस्तके जास्त दिली, तितकी थोडी जास्त हरवणार, हे त्यांत गृहीतच आहे.

विसरणारा ट्रे

आता दुसरी बाजू. ब्राऊन पद्धतीतले दोन गुण संगणकाबरोबर हरवले आणि त्यांची फारशी दखल कुणी घेतली नाही.

पहिला गुण पावतीचा. पुस्तक दिले की तिकीट ग्रंथालयाकडे, पुस्तक परत केले की तिकीट वाचकाकडे. तिकीट हातात असणे हाच ‘माझ्याकडे काही बाकी नाही’ याचा पुरावा. संगणकावर पुस्तक परत करणाऱ्या मुलाच्या हातात काय पडते? बहुधा काहीच नाही. बारकोड वाचायचा राहून गेला आणि पुस्तक तसेच कपाटात गेले, तर महिनाभराने दंड मुलाच्या नावावर, आणि पुस्तक परत केल्याचे सिद्ध करायला त्याच्याकडे काही नसते. वहीतली परतीची सही निदान त्याच्या बाजूने होती. तेव्हा वही बंद करताना तिची ही बाजू दुसऱ्या कशाने तरी भरून काढायला हवी: छापील चिठ्ठी, पालकांच्या फोनवर संदेश, किंवा सगळ्यांत साधे म्हणजे पडदा मुलाकडे फिरवून ‘बघ, तुझ्या नावावर आता काही नाही’ असे दाखवणे.

दुसरा गुण विसरण्याचा. जोडी सुटली, कार्ड पुस्तकात आणि तिकीट वाचकाकडे गेले की ते पुस्तक कुणी वाचले याची खूण कुठेच उरत नाही. चिठ्ठीवर तारीख राहते, नाव नाही. सगळ्या जुन्या पद्धती अशा नव्हत्या. १९००च्या सुमारास अमेरिकेतल्या नेवार्क शहराच्या ग्रंथालयात रूढ झालेल्या पद्धतीत पुस्तकाच्या कार्डावरच वाचकाचा क्रमांक लिहीत. काही देशांत, विशेषतः शाळांत, सरळ नावच लिहीत. कार्ड पुन्हा पुस्तकात जाई आणि पुढच्या वाचकाला आधीच्या सगळ्यांची यादी वाचायला मिळे. १९९५ साली जपानमध्ये या यादीवर आधारलेले दोन चित्रपट आले. ‘लव्ह लेटर’मध्ये शाळेतला एक मुलगा कुणीही न नेलेली पुस्तके शोधून त्यांच्या कार्डांवर आपले नाव लिहीत असतो. ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’ या ॲनिमेशनपटातल्या मुलीला आपण नेतो त्या प्रत्येक पुस्तकाच्या कार्डावर एकाच मुलाचे नाव आधी लिहिलेले दिसते. तिचे वडील ग्रंथपाल आहेत आणि आता ही कार्डे जाऊन बारकोड येणार, असे ते सांगतात.

चित्रपटात हे गोड वाटते. पण शाळेतल्या उघड्या वहीचा विचार करा. वयात येण्याबद्दलचे पुस्तक नेणारी सातवीतली मुलगी, दारूच्या व्यसनावरचे पुस्तक नेणारा मुलगा. पुढे सही करायला येणारा प्रत्येक जण आधीच्या दहा ओळी वाचतो. काही मुले म्हणूनच ते पुस्तक नेत नाहीत. कोण काय वाचतो ही माहिती सरकारलाही हवीशी वाटते. अमेरिकेची एफबीआय ही तपास संस्था ग्रंथालयांत जाऊन परदेशी वाचकांबद्दल चौकशी करत असल्याचे १९८७ साली उजेडात आले आणि ग्रंथपालांनी त्याला मोठा विरोध केला. तिथल्या बहुतेक राज्यांत आज ग्रंथालयातल्या नोंदींच्या गुप्ततेचे कायदे आहेत.

वही बंद झाली की मागच्या दहा ओळी झाकल्या जातात. पण संगणकाला विसरायला सांगितले नाही तर तो काहीच विसरत नाही. पुस्तक परत आल्यावर वाचकाचे नाव त्या नोंदीपासून तोडण्याची सोय कोहात आहे, पण ती कुणीतरी मुद्दाम सुरू करावी लागते. ट्रे जे आपोआप करत होता, त्यासाठी आता निर्णय घ्यावा लागतो. कोणते पुस्तक किती वेळा गेले हे मोजायला नाव लागत नाही.

आणि शिक्का? तो ठेवावा, असे आमचे मत आहे. पत्ता म्हणून त्याचे काम संपले, पण दोन कामे उरली. ज्या घरी फोनवरचा संदेश मुलापर्यंत पोहोचत नाही तिथे पुस्तकातली तारीख पोहोचते. शिवाय कपाटापाशी उभ्या असलेल्या वाचकाला शिक्क्यांची गर्दी पाहून पुस्तक किती हातांतून गेले ते कळते, आणि अनेक मुले त्यावरूनच पुस्तक निवडतात. शिक्का मारायला दोन सेकंद लागतात. वहीत नोंद करायला किती लागतात ते घड्याळ लावून पाहावे.

हे वर्गात करून पाहायचे असेल तर जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू उपयोगी पडतील. चाळीस पुस्तकांची कार्डे आणि वीस वाचकांची प्रत्येकी दोन तिकिटे तयार करा. (पत्रिका दुमडून दोन बाजूंनी चिकटवली की तिकिटाचा खिसा होतो.) एका गटाला खातेवही द्या, दुसऱ्याला तारखांचे फलक लावलेला खोका. दोन्ही गटांनी त्याच चाळीस नोंदी करायच्या. मग दोघांनाही तेच तीन प्रश्न विचारा आणि उत्तराला लागलेले सेकंद फळ्यावर लिहा. खोकेवाल्यांना ‘विसाव्या वाचकाकडे काय आहे?’ हा प्रश्न शेवटी विचारावा. त्यानंतर दहा पुस्तकांच्या चिठ्ठ्यांवरच्या तारखा झाकून ती परत घ्यायला सांगा, आणि पुन्हा वेळ मोजा.